गाभण मेंढीचा हिशेब

मोबाइलच्या ॲपवर कर्जाची एक लाख ऐंशी हजार चारशे बाकी दिसत होती आणि माझ्या खात्यात एक लाख ब्याऐंशी हजार होते. म्हणजे वर सोळाशे उरत होते. त्या सोळाशेत मी पोरीला दप्तर, बूट आणि रेनकोट घेऊनही टाकला होता, मनातल्या मनात.

मी संयोगिता. माहेर उंब्रजचं, घर हायवेला लागूनच. आई म्हणायची, या कार्टीला हायवेचा वारा लागलाय, सुटली की थांबायची नाही. लग्न झालं म्हसवडजवळच्या वस्तीवर, मेंढरं राखणाऱ्या घरात, आणि संसार मांडला कुपवाडच्या एमआयडीसीत, दहा बाय बाराच्या खोलीत. नवऱ्याचं नाव सूरज. साडेतीन वर्षांमागं त्यानं फायनान्सवर छोटा टेम्पो घेतला. साठ हप्ते, महिन्याला अकरा हजार एकशे सत्तर. दिवसा तो कारखान्यांचा माल टाकायचा आणि आठवड्यातल्या चार रात्री पुण्याला भाजी घेऊन जायचा. मी पंपाचे भाग पॅक करायच्या कामाला, तेही सेकंड शिफ्टला, कारण सेकंडला पैसे थोडे जास्त. मग दीड वर्षाच्या पोरीला संध्याकाळी बघणार कोण? तिला वस्तीवर सासूबाईंकडं ठेवलं. वर्षभरासाठी, असं ठरलं होतं. त्याची तीन वर्षं झाली.

पोरीचं नाव मी मोठ्या हौसेनं उत्कर्षा ठेवलं. वस्तीवर ते कुणाच्या जिभेला झेपलं नाही, तिथं ती उक्की. रविवारी व्हिडिओ कॉल लावायचा, सासूबाई फोन तिच्या तोंडासमोर धरायच्या, आणि ती मला कोकरू दाखवून पळून जायची. मी आपली कोकराशी बोलत बसायची. गेल्या दिवाळीला गेले तर रात्री माझ्याजवळ झोपायला तयार नाही. "ही कवा जानार?" असं सासूबाईंच्या कानात विचारलं, आणि चार वर्षांच्या पोराचं कानातलं बोलणं अख्ख्या वस्तीला ऐकू जातं. परत येताना गाडीत मी विट्यापर्यंत रडले. तिथंच ठरवलं, की कर्ज लवकर मिटवायचं, सेकंड सोडायची आणि जूनला पोरीला बालवाडीत घालायची, आपल्या घरून.

कंपनीतल्या बायकांची भिशी होती, वीस जणींची. शेवटचा नंबर मी मुद्दाम मागून घेतला, म्हणजे पैसे उचलल्यावर पुढं भरायची कटकट नको. त्याचे एक लाख आणि पै-पै साठवलेले ब्याऐंशी हजार. ॲपवरचा आकडा त्याच्या खाली आला त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं. मी सुपरवायझरला सांगून टाकलं, पंधरा तारखेपासून सेकंड बंद, पुढच्या महिन्यापासून जनरल. माझ्या जागी दुसरी बाई लागलीसुद्धा. उक्कीला फोनवर सांगितलं, तुला न्यायला येतेय. ती म्हणाली, "आज्जीला बी न्हेशील?" मी विषय बदलला.

मे महिन्याची सतरा तारीख, शनिवार. मी एकटीच सांगलीला फायनान्सच्या ऑफिसात गेले. काउंटरवर धनाजी म्हणून एक मुलगा होता, चष्मेवाला, अंगानं बारीक, बोलायला मऊ. त्यानं कर्जाचा नंबर टाकला, एक कागद छापला आणि माझ्यापुढं सरकवला. खाली ठळक आकडा होता, एक लाख एक्याण्णव हजार पाचशे तेरा.

"हे दुसऱ्या कुणाचं आलंय," मी म्हटलं.

"नाही ताई, तुमचंच आहे. ॲपवर दिसतं ते नुसतं राहिलेलं मुद्दल. कर्ज बंद करायचा आकडा वेगळा असतो."

"कर्ज एक आणि आकडे दोन?"

त्यानं पेन घेतलं आणि एकेका ओळीवर टेकवत सांगितलं. मुद्दल एक लाख ऐंशी हजार चारशे. शेवटचा हप्ता पाच तारखेला गेला, तिथपासून आजपर्यंत बारा दिवसांचं व्याज, दिवसाला एकोणसत्तरप्रमाणं आठशे अठ्ठावीस. मुदतीआधी बंद करण्याचा आकार मुद्दलाच्या चार टक्के, सात हजार दोनशे सोळा. त्यावर जीएसटी बाराशे नव्याण्णव. आणि मागं तीन हप्ते बाउन्स झाले होते, त्याचे सतराशे सत्तर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मुदतीआधी पैसे आणून देतेय, तर शाबासकी द्यायची सोडून दंड लावता? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आणि हे बारा दिवसांचं व्याज कसलं? या महिन्याचा हप्ता भरलाय की!"

"तो हप्ता मागच्या महिन्याचा होता ताई. पाच तारखेपासून आजपर्यंतचे दिवस अजून कुणीच भरलेले नाहीत." तो चिडला नाही, हे मला जास्त लागलं. "आणि हप्ते असेच भरत राहिलात तर अठरा हप्त्यांचे दोन लाख एक हजार साठ जातील. आज बंद केलंत तर साडेनऊ हजार वाचतात. कराराच्या कागदात सगळं लिहिलंय. सही करताना वाचलं होतं का?"

सही सूरजची. सूरज लग्नपत्रिकासुद्धा वाचत नाही, जेवण किती वाजता एवढंच विचारतो.

"हा आकडा आजचा आहे," धनाजी म्हणाला. "कागद सात दिवस चालेल, पण आज नाही भरलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला एकोणसत्तर वाढवायचे. किंवा पुढचा हप्ता जाऊ द्या, मुद्दल आणखी उतरेल, मग या."

पुढचा हप्ता कुठून जाणार होता? सेकंड मी सोडली होती, तो हप्ता याच पैशांतून जाणार. मुद्दल नऊ हजारांनी उतरणार आणि माझी पिशवी अकरा हजारांनी. साडेनऊ हजार कमी ते कमीच राहणार. आणि असं साठवलेल्यातून हप्ते भरत बसलं की काय होतं हे मला ठाऊक आहे. एखादा टायर जातो, कुणाला ताप येतो, सहा महिन्यांत पिशवी रिकामी होते आणि मी परत सेकंडच्या गेटवर उभी. त्याला हे काही सांगितलं नाही. कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि बाहेर आले. बाहेर ऊन असं होतं, की रडले असते तरी घामच वाटला असता, म्हणून रडून घेतलं.

संध्याकाळी सूरजनं चार मित्रांना फोन लावले. एकाची बहीण लग्नाची, एकाची गाडी कामाला, दोघांनी उचललाच नाही. मग त्यानं आईला लावला. फोन स्पीकरवर होता. सासूबाईंचं नाव बनुबाई, आवाज खणखणीत, पण त्या दिवशी हळू बोलत होत्या.

"दहा हाजार म्हंजी लय झालं रं. आन् एवढी कशाची घाई लागलीया? पोरगी हितं चांगली हाय. दिवाळीला बघू की."

मी फोन सूरजच्या हातातून काढून घेतला आणि बंद केला. "ऐकलंत? आवं, तुमच्या आईला पोर सोडायचीच न्हाई. दिवाळी म्हणं! मग उन्हाळा, मग परत दिवाळी. माझ्या पोटची पोर मला वळखत न्हाई, आन् यांना चांगलं चाललंय वाटतंय!"

"तशी न्हाई गं ती," सूरज एवढंच म्हणाला. तो भांडत नाही, हाच त्याचा दोष. एकटीनं भांडताना माणूस नको तेवढं बोलतं. मी त्या माउलीला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

रविवारचा व्हिडिओ कॉल मी लावला नाही. सोमवारी सुपरवायझरकडं जाऊन विचारलं, सेकंडला जागा आहे का. तो म्हणाला, आठवडाभर थांब, बघतो. थांबणं माझ्या स्वभावात नाही, पण थांबले.

गुरुवारी सकाळी दार वाजलं. उघडलं तर बनुबाई. पहिल्या एसटीनं आल्या होत्या. कपाळावर घाम, काखेत पिशवी. सूरज आंघोळीला गेला होता. त्या आत आल्या, तांब्याभर पाणी प्याल्या, मग कनवटीला खोचलेली कापडी पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"साडेबारा हाजार हायती. पुरत्यात का बघ."

"कुठनं आणलं?"

"काळी मेंढी इकली. गाभण हुती."

त्याच सांगत राहिल्या, व्यवहार चांगला झाल्याचं त्यांना जरा कौतुकही होतं. "व्यापारी नऊ हाजारावर अडून बसला. म्हनं, मेंढी ती मेंढी. मी म्हनलं, आरं, प्वॉट दाबून बघ, तीन म्हयनं झालं. मोकळी मेंढी न्हेतूयास व्हय? पोटातल्या कोकराचा दाम टाक, न्हाईतर चालायला लाग. दुपारपतुर बसला, मग आला वळणावर."

"आत्या," मी म्हटलं, "मग फोनवर तसं का म्हनलासा? दिवाळीला बघू म्हनून?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या. "म्हनलं खरं. जीव व्हईना गं सोडायचा. तीन वरसं कुशीत निजतीया. दोन दिस न्हाई झाला जीव. तिसऱ्या दिशी व्यापाऱ्याला बलावलं."

यात एक शब्द खोटा नव्हता, आणि मी पाच दिवस ज्या बाईला शिव्या घालत होते ती बरोबर तसंच वागत होती जसं मी म्हणत होते. तिला पोर सोडवत नव्हती. फरक एवढाच, की सोडवत नव्हती तरी तिनं मेंढी विकली. मला माझी लाज वाटली. मी चहा ठेवायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

तिघं मिळून सांगलीला गेलो. धनाजीनं आकडा नवा काढला. पाच दिवसांचे तीनशे पंचेचाळीस वाढून एक लाख एक्याण्णव हजार आठशे अठ्ठावन्न. बनुबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. पंखा सगळ्यांत जास्त कुठं लागतो ते बघून धनाजीनं त्यांची खुर्ची तिकडं सरकवून दिली होती.

"मला जरा सांग बाबा," त्या म्हणाल्या. "माझी मेंढी ह्यात गेलीया. कशाकशात गेली ते मला कळाय नगं?"

धनाजीनं परत पहिल्यापासून सांगितलं. मुद्दल, पाच तारखेपासूनच्या दिवसांचं व्याज, चार टक्के, कर, बाउन्स. सूरज मान हलवत होता, म्हणजे त्याला काही कळत नव्हतं. बनुबाईंनी मात्र मधेच हात वर केला.

"थांब. मुद्दल म्हंजी मेंढी. आन् पाच तारखंपास्नं आजपतुरचं याज म्हंजी तिच्या पोटातलं कोकरू. दिसत न्हाई, पर वाढतंया रोज. मेंढी न्हेयाची तर त्येचा बी दाम द्यावा लागतुय. बरुबर?"

धनाजी बघतच राहिला. "अगदी बरोबर, आजी."

"मग ही त्यावर भांडली म्हनं, ती कशाला?" माझ्याकडं बोट. "आन् त्ये चार टक्क्याचं?"

"कंपनी दीड वर्षाचं व्याज मिळेल असं धरून चाललेली असते, आजी. आपण मधेच बंद केलं की ते बुडतं. म्हणून थोडा आकार घेतात. तसं करारात लिहिलेलं असतं."

बनुबाई जरा विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "अर्धलीची शेळी!" आमच्याकडं एकाची शेळी दुसरा सांभाळतो, चारापाणी करतो, आणि होणारी करडं दोघांत निम्मी-निम्मी वाटून घेतात. त्याला अर्धल म्हणतात. "मालकानं मधीच शेळी माघारी न्हेली, तर राखणाऱ्यानं काय करायचं? त्येनं पाला घातला, रातचं उठला, आन् व्यायाच्या टायमाला शेळी गेली. मग मालकानं त्येच्या हातावर कायतरी ठेवायचं असतंय. आमच्यात बी हाय की ह्यो कायदा. लिव्हल्याला नसतोय एवढंच."

त्या स्वतःवरच खूश होऊन हसल्या. सूरजला पहिल्यांदा सगळं कळलं आणि तोही हसला. मला हसू आलं नाही. तीन वर्षं जिनं माझी पोर राखली, ताप आला तर खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत चालली, ती बाई मधेच नेणाऱ्यानं राखणाऱ्याला काय द्यायचं असतं ते भर ऑफिसात समजावून सांगत होती, आणि आपण कुणाबद्दल बोलतोय हे तिच्या गावीही नव्हतं. मेंढीचे पैसे रोखीनं भरले, बाकीचे खात्यातून पाठवताना आकडा मी तीनदा चुकवला. शेवटी धनाजीनं एकेक अंक वाचून दाखवला.

पैसे गेले. पावती आली. धनाजीनं सांगितलं, पंधरा दिवसांत ना-हरकत दाखला आणि आरटीओचा फॉर्म येईल, तो घेऊन आरसीवरचं कंपनीचं नाव काढून घ्या, ते विसरू नका, लोक तेच विसरतात. सूरजनं बाहेर येऊन टेम्पोच्या बॉनेटवर हात फिरवला. मी म्हटलं, चला, म्हसवड.

वस्तीवर पोचलो तेव्हा चार वाजले होते. सासरे मेंढरं घेऊन रानात होते. शेजारच्या अंबूबाईंच्या ओट्यावर उक्की बसली होती. टेम्पो बघितला तशी पळत आली आणि सरळ बनुबाईंच्या पायांना मिठी मारली. घरात गेले तर तिची पिशवी भरून ठेवलेली. परकर, झबली, दोन फ्रॉक, सगळं धुऊन घडी घातलेलं. बनुबाईंनी पहाटे एसटीला निघण्याआधीच भरून ठेवली होती. पैसे पुरतात का नाही हे माहीत नसताना.

"चल, आयसंगट जा," त्या म्हणाल्या आणि उक्कीला उचलून माझ्याकडं दिलं. पोरीनं अंग ताठ केलं, मान मागं टाकली आणि असा टाहो फोडला की अंबूबाई बाहेर आल्या. "मी न्हाई! मी न्हाई जानार!" हात बनुबाईंच्या पदरात अडकलेला. त्यांनी एकेक बोट सोडवलं. मग एकदम आवाज चढवला.

"जा म्हनलं न्हवं! हितं काय बी न्हाई तुजं! मेंढरं राखायचीत मला, तुला किती दिस बघू? जा!"

उक्की गप्प झाली. तिला कधी कुणी असं बोललंच नव्हतं. बनुबाई पाठ फिरवून वाघुरीकडं, मेंढरं कोंडायच्या जाळीकडं, चालू लागल्या, भराभर. सूरजनं पिशवी टाकली, मला पोरीसकट आत बसवलं आणि गाडी सुरू केली.

पोर माझ्या मांडीवर होती. कर्ज फिटलं होतं. तीन वर्षं जे मागत होते ते सगळं माझ्या हातात होतं, आणि पोर माझ्याकडं न बघता काचेतून वाघुरीकडं बघत हुंदके देत होती.

"थांबा जरा," मी म्हटलं. उक्कीला सूरजकडं दिलं आणि उतरले.

बनुबाई वाघुरीच्या आत, रिकाम्या कोंडाळ्यात खाली बसल्या होत्या. पदराचा बोळा तोंडात धरलेला, पोरीला आवाज जाऊ नये म्हणून. मला बघून डोळे पुसायला लागल्या. मी त्यांच्याशेजारी लेंड्यांतच बसले.

"आत्या, मी तुमास्नी लय वाईट बोलले. तुमच्या माघारी."

"म्हायती हाय. तू गप बसलीस की वळखायचं."

मग त्याच म्हणाल्या, "न्हे गं तिला. रडंल दोन दिस. एवढंच सांगते, निजताना पाठीवर हात लागतुय तिला. हात काढला की जागी व्हती. आन् दूध पितीया, पर साय दिसली की वकती, गाळून घ्यायचं. इजा चमाकल्या की कान झाकून घ्यायचं, डोळं न्हाई. डोळं झाकलं तर जास्त भेती."

त्या सांगत गेल्या. ताप यायच्या आधी ती कानाची पाळी ओढते. भूक लागली की मागत नाही, भांडते. खोटं बोलली की डावा पाय मागं घेते. मी ऐकत होते. माझी पोर, माझ्या पोटची, आणि यातलं एकही मला ठाऊक नव्हतं. पिशवीत परकर आणि झबली होती. ही सगळी पोर मात्र या बाईच्या डोक्यात होती, आणि मी तिला इथंच ठेवून निघाले होते.

सूरजनं हॉर्न वाजवला. मी उठून वाघुरीच्या कडेला गेले आणि ओरडून सांगितलं, "आवं, गाडी बंद करा! तुमी जावा उद्या. मी आठ दिस हितंच ऱ्हाते. आत्यांकडनं समदं शिकून घेते, मग येतो आमी दोघी."

सूरजनं इंजिन बंद केलं. उक्की खाली उतरली आणि कुणाकडं जावं ते न कळून गाडी आणि वाघुरीच्या मधे उभी राहिली.

बनुबाईंनी पदर झटकला, नाक पुसलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मंग उभी काय ऱ्हातीस?" त्या मला म्हणाल्या. "पानी तापत ठिव. तिच्या आंगुळीची येळ झालीया. डोस्क्यावर पानी घिताना ती डोळं मिटत न्हाई, तवा कपाळावर हात आडवा धरायचा. ये, दावते."